शेततळ्यातला ताप

— टोचा ताई, मी धरलाय. ओल्या गोणपाटात गुंडाळला की रोहू हलत न्हाई. शेपटीपाशी काढता का रक्त? अन ह्यातबी रोगाशी भांडणाऱ्या पांढऱ्या पेशी असतेत म्हणता! सातवीच्या पुस्तकात ते माणसाचं होतं, माशाचं न्हवतं बाई. तुम्हा कॉलेजवाल्यांनाच ठावं.

थांबा — रडला का? न्हाई. झोळीत हाय आमचा पोरगा, तिकडं लिंबाखाली. अजून चालत न्हाई. परवापासून अंग तापून राह्यलं. आत्याबाई, सासू माझ्या, म्हणतेत ऊन लागलं, तळपायाला कांदा चोळ. चोळला. ओला पंचा गुंडाळला. आज सकाळपासून गुणाचा झालाय, निस्ता पडून हाय.

हां, तळ्याचं. ह्या उन्हात प्लॅस्टिकचा कागद असा तापतो, पाणी आंघोळीला काढल्यावानी. मासे वर येऊन तोंड वासून राह्यलते. मंग आम्ही — बरं, मीच — हे घरी न्हवते — भर दुपारी बोअर चालू केला अन गार पाणी एकदम सोडलं. जीवाला बरं वाटंल म्हणून! दुसरं काय? अन तुम्ही म्हणता तोच दणका बसला? आधीच अती गरमीनं त्या पेशी कमी झालत्या, वरून एकदम गार, मंग आतला रोग मोकाट सुटला? म्हणून हे लाल चट्टे. तवापासून रोज उताणे तरंगून राह्यलेत. ह्यांना सांगू नका हं. हे समजून राह्यले खाद्यच खराब निघालं, दुकानदाराला शिव्या घालून राह्यले.

काय म्हणल्या? माशाला सोताचा ताप येतच न्हाई, पाणी जेवढं ऊन तेवढंच अंग? बरं हाय की त्याचं! — अन आजारी मासा मुद्दाम ऊन पाण्यात जातो? आपल्या मनानं? आतल्या रोगाशी लढायला ऊब लागते म्हणून? अवो, मी बघितलंय! गार पाणी सोडल्यापासून सावली सोडून कडंच्या ऊन पाण्यात गोळा होतेत. मला वाटलं येडे झालेत.

म्हंजे... अंग तापतं ते उन्हानंच, असं न्हाई. आतमधी काही असलं तरबी तापतं. पर आमचं लेकरू तर तापायच्या आधीबी घरातच होतं, सावलीत. मंग ऊन लागलं कुठून?

अशा बघू नका माझ्याकडं. म्हणलं होतं मी, दवाखान्यात नेऊ. आत्याबाई म्हणल्या, दोन बुकं शिकली अन डॉक्टरीण झाली का? मंग कांदा चोळत बसले. अन हे मोटारसायकल घेऊन जालन्याला गेलेत, माशांचं औषध आणायला. माशांचं!

मी गार पाण्यानं पुसून राह्यले त्याला, ताई. दिवसभर. अन तो तिकडं एकलाच लढून राह्यला असंल.

सोडा त्या नळ्या. टाका मासा पाण्यात, जगला तर जगला. तुमची गाडी मंठ्याच्या दवाखान्यात किती वेळात — न्हाई, बोलू नका आता. चावी काढा. मी झोळी सोडते.