रोहूची भजी आणि हिंगाची डबी

अहो, रविवारी आमच्या मैसूरच्या घरी काय घडले ते ऐकाच! आमची नात अनघा हिला डॉक्टरांनी गहू वर्ज्य केला आहे. कणभर पोटात गेला तरी दोन दिवस अंथरूण. तिला माशाची कुरकुरीत भजी खाऊ घालायचीच, असा मी निश्चय केला. गिरणीत गहूही दळतात, म्हणून तांदूळ घरीच धुऊन, वाळवून मिक्सरवर दळले. सरसरीत पीठ भिजवले, नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे हिंग घातला आणि रोहूचे निम्मे तुकडे त्यात बुडवले.

तेल तापले, तोच अनघा किंचाळली, "अय्यो आजी, थांबा! ही डबी वाचलीत का? हिंगात गव्हाचं पीठ आहे!"

मी जुनी मॅट्रिक. पण डबी कधी वाचली नव्हती! लगेच हात घासून धुतले, दुसऱ्या पातेल्यात नवे पीठ भिजवले आणि उरलेले तुकडे हिंगाविना तळले. अनघाने पहिला तुकडा खाल्ला आणि टाळ्याच पिटल्या!

शेजारी आमचे यजमान त्याच बिनहिंगाच्या भज्यांतला सहावा तुकडा संपवत होते. म्हणाले, "अगं, पन्नास वर्षं मी समजत होतो, मला मासाच आवडत नाही!"