मालक आल्यावर चालणारा सेल

गेटवर नुसतं उभं राहण्यात काय कठीण आहे, असं तुम्ही म्हणता म्हणून सांगतो. रिछाई या हिंदी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गार्ड म्हणून लागलो, तेव्हा कळलं की माझ्या हातातला मेटल डिटेक्टर सेल संपल्यामुळे बंदच आहे. आधीचा गार्ड तो नुसताच सगळ्यांच्या अंगावरून फिरवायचा. नोकरी नवी, काही चोरीला गेलं तर नाव माझं येईल, म्हणून मी सेल आणायला गेलो.

दुकानदाराने दोन चौकोनी सेल पुढे ठेवले, एक साधा आणि एक महाग. मी लाजत लाजत दोन्ही जिभेला लावून पाहिले. महाग सेलने जीभ जास्त झणझणली, म्हणून तोच घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिटेक्टर जो ओरडायला लागला, तो थांबेचना. बेल्ट, कडं, किल्ल्या, जेवणाचा डबा. मी इमानदारीने एकेकाला थांबवलं. भोंगा वाजला तरी अर्धी शिफ्ट गेटबाहेरच.

"भैया, अब दाँत भी निकाल के दिखाएँ क्या?" एक म्हातारा वेल्डर ओरडला.

सुपरवायझर वानखेडे साहेब धावत आले. "काहून रे, कारखाना बंद करून राहिला का तू?"

"साहेब, नवा सेल टाकला. खूप दिवस चालतो म्हणे."

"बदलून आण तो. फक्त मालक आल्यावर चालेल, असा सेल पाहिजे. नाही आणला तर उद्या येऊ नको."

मी खरंच दुकानात जाऊन तसाच सेल मागितला.

दुकानदाराने महाग सेल उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "भैया, ऐसा सेल तो नहीं आता. ऐसे आदमी ही आते हैं."