टेकाडावरची पेन्शन

घरपोच सेवा, घरपोच सेवा म्हणून माझ्यापुढं कौतुक करू नका राव. आमच्या नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, गुडघ्यामुळं अपंगाची पेन्शन मिळते. ओतूरला बँकेत हेलपाटे नकोत म्हणून सरकारनं कार्ड दिलं, आणि बँकेनं मशीन देऊन एजंटच वाडीत धाडला. पण मशीनला रेंज फक्त बिरोबाच्या टेकाडावर! मग काय, एजंट वर बसणार आणि पेन्शनवाले काठी टेकत चढणार.

एकदा नेमके तालुक्याचे साहेब तपासणीला वर आलेले. नाना धापा टाकत पोचले आणि त्यांनी कार्ड पुढं केलं. साहेब म्हणाले, "आजोबा, एवढं टेकाड चढता, मग तुम्ही अपंग कसे?"

नाना म्हणाले, "साहेब, चढलो तर अपंग न्हाई, न चढलो तर पैसं न्हाई. मी नेमकं काय करू, ते तुमीच सांगा."

साहेबांनी बराच विचार केला. खाली रेंज कशी आणायची, तेवढं सोडून सगळा केला. मग म्हणाले, "पुढच्या वेळेपासून यांना कुणीतरी उचलून आणा. बघायला बरं दिसतं."

तेव्हापासून मी नानांना पाठीवर घेऊन चढतो. परवा वर पोचलो आणि माझी कंबरच धरली, सरळ उभं राहता येईना. एजंट लगेच म्हणाला, "भाऊ, तुमचाबी अर्ज भरू का?"

पाठीवरून नाना म्हणाले, "भर की. पण मग आमा दोघांना वर कोण आणणार?"