हासोमल शेटचे कडू पापड
सोमवारी कळलं की सिंधी वसाहतीतल्या कॅम्प दोनच्या हासोमल शेटचे सगळे पापड कडू निघाले. मंगळवारी अंबरनाथला रेशनच्या रांगेत धर्मराजच्या पुढे त्याच्या चाळीतल्या दोघी शेजारणी त्याबद्दलच बोलत होत्या.

"पीठ तूच मळलं होतंस ना, कौसा? वाटलं, गेलं तुझं काम."

"मलाही वाटलं. पण शेट सगळ्यांसमोर म्हणाले, 'पापडखार मैंने दो बार डाला, बाई को कुछ मत बोलो.'"

"खरंच?"

"आता दुकानोदुकानी जाऊन माल परत घेतायत. आधी स्वतः त्यातलाच एक पापड खाऊन दाखवतात."

"तोंड कसं होतं गं?"

"एरंडेल प्यायल्यासारखं. दुकानदार हसतात आणि नवा माल मागवतात."

"मग मलाही लाव की तिथे."

"विचारते, पण आज नको. कॅम्प चारची नऊ दुकानं, म्हणजे नऊ कडू पापड अजून राहिलेत."