कोपऱ्यातला गुलाबी

ताई : अजून किती वेळ पुतळ्यासारखी बसू? मान अवघडली माझी.

धाकटी : तू बोलू नकोस. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय. जे बोलायचं ते कॅमेरा सुरू झाल्यावर.

ताई : उद्या सकाळी ते स्वरयंत्रच काढणार आहेत. मग जपून ठेवू कुठे, बरणीत?

भाऊजी : स्वरयंत्र काढणार आहेत मेव्हणीबाई, जीभ नाही. एवढं लक्षात असू द्या.

ताई : ऐकलंस? आणि म्हणे मी कमी बोलायचं.

भाऊजी : पण मी काय म्हणतो, फोनवर काढलं असतं तर एव्हाना संपलं असतं. चिमणी शेजारच्या काकूंचं डोकं खात असेल.

धाकटी : फोन स्वतःच्या मनाने ठरवतो, काय उजळ ठेवायचं नि काय काळं. ताईने मान हलवली की त्याचं मत बदलतं. भाऊजी, हे एकदाच होणार आहे. चिमणी तीन वर्षांची आहे. मोठी होऊन बघेल तेव्हा तिला आई स्वच्छ दिसायला हवी, स्वच्छ ऐकू यायला हवी. दाणे नकोत.

भाऊजी : दाणे कसले?

धाकटी : उजेड कमी पडला की चित्राच्या काळ्या भागात मुंग्या वळवळल्यासारखं दिसतं ना, ते. म्हणून मी सगळं मुद्दाम थोडं जास्त उजळ घेते आणि नंतर खाली आणते. खाली आणलेला काळोख स्वच्छ राहतो. काळोखातून काही वर ओढायला गेलं की दाणे येतात.

ताई : आईच्या फोटोसारखे.

धाकटी : हो. तसेच.

भाऊजी : कुठला फोटो? तुमच्या आईचा फोटो आहे? मला कधी दाखवला नाहीत.

ताई : दाखवण्यासारखा असता तर दाखवला असता. एकच आहे. याच खोलीतला. माझ्या मागे ती खुर्ची आहे ना, तिच्यात बसलीय. बाबांनी तिला खिडकीसमोर बसवून काढला. खिडकी सुरेख आली. आई ठार काळी.

धाकटी : कॅमेऱ्याच्या कामाला लागले तेव्हा पहिला तोच स्कॅन केला मी. चेहरा वर ओढत गेले, ओढत गेले. नुसते दाणे. त्या काळ्यात काही उरलंच नव्हतं.

ताई : आवाजही आठवत नाही मला. सहा वर्षांची होते ती गेली तेव्हा. सहा वर्षांच्या मुलीला आठवायला हवा ना? ही तर पाळण्यात होती, हिचं सोड. पण मला?

भाऊजी : अगं, घसा ताणू नकोस. आधीच आवाज घोगरा झालाय.

ताई : चिमणीचं असं व्हायला नको, एवढंच.

धाकटी : नाही होणार. म्हणून तर हा खटाटोप. भाऊजी, इकडे या, पडद्यावर बघा. कॅमेऱ्याला चित्र दोन पद्धतींनी साठवता येतं. हे तयार प्रोफाइल. रंग भरलेले, काळं गडद. काढलं की लगेच बघता येतं.

भाऊजी : मस्त आहे की. हेच ठेवा.

धाकटी : आणि हे फ्लॅट.

भाऊजी : शी. किती फिकट. आजारी माणसासारखं.

ताई : मी इथेच बसलेय बरं का.

धाकटी : फिकट दिसतं, कारण त्यात काही फेकून दिलेलं नसतं. तयार प्रोफाइल अंधार गिळून टाकतं. फ्लॅटमध्ये अंधारातलंही राहतं. नंतर कधी कोणाला बाहेर काढायचं झालं तर काढता येतं. थांबा, आता चेहऱ्यावरचा उजेड मोजते. हे बटण दाबलं की पडदा खरे रंग सोडून देतो आणि उजेडाचं माप रंगांनी सांगतो. अंधार जांभळा, त्याहून थोडा वर करडा, मधला उजेड हिरवा, चेहऱ्याला हवा तेवढा पडला की गुलाबी.

भाऊजी : हिचा चेहरा गुलाबी आला. लग्नातही एवढी लाजली नव्हती.

ताई : लाजण्यासारखं समोर काही नव्हतं.

धाकटी : भिंत हिरवी. बरोबर. कोपरा जांभळा. भाऊजी, खुर्चीवर काही ठेवलंय का?

भाऊजी : नाही. का?

धाकटी : तिथे गुलाबी दिसतंय. पाठीच्या वरच्या भागाशी.

भाऊजी : उशीबिशी असेल.

धाकटी : उशीचा रंग इथे कळतच नाही, फक्त उजेड कळतो. आणि त्या कोपऱ्यात उजेड जातच नाही. एक काम करा, जाऊन तिथे हात धरा.

भाऊजी : हा धरला.

धाकटी : जरा वर. डावीकडे. बस.

भाऊजी : काय दिसतंय?

धाकटी : तुमचा हात जांभळा आहे. अंधारातला हात जसा दिसायला हवा तसाच. त्याला लागून गुलाबी.

ताई : केवढं?

धाकटी : तू वळू नकोस ताई. फोकस जाईल.

ताई : केवढं आहे, विचारलं मी.

धाकटी : चेहऱ्याएवढं.

भाऊजी : थांबा, मीच तिकडे येऊन बघतो. पडद्यावर डाग असेल हो. किंवा कॅमेरा बिघडला असेल. भाड्याचा आहे ना?

धाकटी : माझा आहे. पण बघू. डाग पडद्याचा किंवा कॅमेऱ्याचा असेल, तर लेन्सला टोपी घातली तरी दिसत राहील. ही घातली.

भाऊजी : सगळं जांभळं झालं. गेला डाग! बघा, मी म्हटलं नव्हतं?

धाकटी : उलट झालं, भाऊजी. टोपी घातल्यावर गेला, म्हणजे डाग कॅमेऱ्यात नाही.

भाऊजी : मग?

धाकटी : खोलीत आहे.

भाऊजी : आता टोपी काढलीत. आला परत.

धाकटी : हो. अजून एकच गोष्ट बघते. लेन्सचं तोंड बारीक करते. एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. आणखी एक, पाव. ताई गुलाबीची हिरवी झाली आणि आता करडी. भिंत जांभळ्याकडे चाललीय. आत येणारा सगळाच उजेड कमी झाला, तर सगळंच खाली यायला हवं.

भाऊजी : ते नाही आलं.

धाकटी : नाही.

भाऊजी : तसंच्या तसं आहे. असं कसं?

धाकटी : मला माहीत नाही. डोळ्यांनी कोपऱ्यात काहीच दिसत नाही. तयार प्रोफाइल लावलं की पडद्यावरही ठार काळं. फ्लॅटमध्ये काचेवर वाफ बसावी तसं फिकट. हे जुळत नाही. मी जे शिकलेय त्यातल्या कशाशीच जुळत नाही.

ताई : खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा येईल, तेवढ्या उंचीवर आहे?

धाकटी : तू खालच्या खोलीत चल. तिथे काढू.

ताई : मी काय विचारतेय?

धाकटी : हो. तेवढ्याच उंचीवर.

भाऊजी : हे बघा, तयार प्रोफाइल लावा. कोपरा काळा होऊ दे आणि विषय संपवा. उद्या चिमणीने बघितलं तर घाबरेल पोर.

ताई : मी घाबरलेय का?

भाऊजी : हे बघ, तुझ्या मागे येऊन हात धरले तुझे. गार पडलेत.

ताई : ते उद्याच्या भीतीने. ही भीती वेगळी आहे. अहो, जरा बाजूला व्हा तिथून. तिच्या अंगावर उभे आहात.

भाऊजी : असं काही बोलू नकोस गं.

ताई : तू सांग, धाकटे. तयार प्रोफाइलमध्ये काढलं आणि चिमणीने पुढे कधी तो कोपरा उजळून बघायचं ठरवलं, तर?

धाकटी : दाणे. दुसरं काही नाही.

ताई : आणि फ्लॅटमध्ये?

धाकटी : जे आहे ते राहील.

ताई : मग फ्लॅट लाव. बाबांनी तिला एकदा काळं केलं. आपण नको.

भाऊजी : अगं, पण ती तुझी आईच, कशावरून?

ताई : दुसरं कोण येऊन बसेल हो माझं ऐकायला?

धाकटी : ठीक आहे. फ्लॅट. लेन्स पुन्हा उघडते. ताई गुलाबी, भिंत हिरवी. भाऊजी, कॅमेऱ्याच्या मागे या. आता...

भाऊजी : काय झालं?

धाकटी : खुर्ची जांभळी आहे. सगळी.

भाऊजी : गेलं? सुटलो.

धाकटी : ताई, हनुवटी जरा वर घे. आणखी. तुझ्या गळ्यावर सावली आहे. तिथे हिरवं दिसायला हवं.

ताई : आणि?

धाकटी : गुलाबी आहे. दोन्ही बाजूंनी. पुढे येऊन मिळाल्यासारखं.

भाऊजी : ऊठ. ऊठ तिथून आधी!

ताई : थांबा. दुखत नाहीये. ऊब लागतेय. ताप बघताना हात लावतात ना, तशी. धाकटे, तुझे हात कुठे आहेत?

धाकटी : कॅमेऱ्यावर.

ताई : असू दे. तिथेच ठेव. मी बोलू?

धाकटी : आवाजाची पातळी बघायचीय. एक, दोन, तीन म्हण.

ताई : एक. दोन. तीन.

भाऊजी : हिचा घोगरेपणा कुठे गेला?

धाकटी : भाऊजी, श्वाससुद्धा हळू घ्या. ताई, फक्त लेन्सकडे बघ. मागे नाही, बाजूला नाही. सुरू केलाय.

(दिवा स्थिर आहे. मागे खुर्ची किंचित करकरते.)

ताई : चिमणे, हा तुझ्या आईचा आवाज. नीट ऐकून घे. माझ्या मागे अंधार दिसेल, तो मोठी झालीस की उजळून बघ. घाई नाही.