साडेपाच विती

टीव्हीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे नवराबायको उभे होते.

"अहो, हाच घेऊ या. परवडतोय, सिनेमे दिसतील, गेमही अडखळत नाही."

"पण कोनाड्यात मावेल का? रुंदी किती आपल्या कोनाड्याची?"

"साडेपाच विती."

"कुणाच्या विती?"

"आईंच्या! त्यांनीच नाही का मोजला सकाळी?"

"अगं, मग इथे कुणाच्या हाताने मोजायचं?"

"लावा त्यांना फोन. स्पीकरवर ठेवा."

"हॅलो, आई? तुझ्या वितीवाचून टीव्ही अडलाय गं. येतेस का दुकानात?"

"निघताना तर म्हणालास, गर्दीत तू कशाला!"

"चुकलं माझं. किती वेळ लागेल तुला?"

"मागे वळ. तो मोठा मोजलाय मी. सवलतीत आहे, बरोब्बर मावतोय, आणि माझ्या गेममधल्या शर्यतीत वळणंही लांबून दिसतात."