लिफ्टभाऊजींना स्वर्गात न्यायचं होतं

...आणि सगळं ऐकून घेऊन, अगदी मान डोलावत ऐकून घेऊन, तो माणूस मला काय म्हणावा? "वहिनी, छान सांगितलंत. पटलं नाही. चहा टाकू?" आता हे काय उत्तर झालं, तुम्हीच सांगा! अहो, भांडा ना माझ्याशी! दार आपटा, 'तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा' म्हणा, म्हणजे मला घरी येऊन दोन दिवस फुरंगटून तरी बसता येईल! पण नाही. चहा टाकू! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तेसुद्धा बरं हो, निदान वाहून जाताना दिसतं तरी. इथे घडा सरळ, तोंड उघडं, पाणी सगळं आत जातंय, आणि घडा कोरडाच्या कोरडा!

थांबा, कोण तो माणूस ते सांगते. आमच्या समोरच्या दारातले लिफ्टभाऊजी. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून लिफ्टभाऊजी, खरं नाव टपालवाल्यालाच माहीत. बायको जाऊन बारा वर्षं झाली, लेक लांब, तिसऱ्या मजल्यावर एकटे. आता एकटा माणूस म्हटल्यावर शेजारधर्म म्हणून डोकवावं लागतं की नाही? मी डोकवायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी दिवा लागला की नाही ते बघायला एकदा. आमचे हे म्हणतात, "अगं, त्याला मरणाची भीती नाही, तुझी आहे." म्हणू देत. वीस वर्षं मी त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून बोलले आणि त्यांनी ऐकलं. माझ्या नणंदेचं ऐकलं, माझ्या गुडघ्याचं ऐकलं, सुनेचं तर तीन-तीनदा ऐकलं. कामच तसं होतं त्यांचं! लिफ्टच्या मोटरीजवळ कान लावून बसायचं आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, कुठला दोर झिजलाय. म्हणायचे, "दोर बोलतो, वहिनी. आपण गप्प बसलं की बोलतो." मला वाटायचं, छान वाक्य आहे. टोमणा होता हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

देवावर मात्र काडीचा विश्वास नाही! मी म्हणायची, "भाऊजी, अहो, वर कुणीतरी आहे." तर म्हणायचे, "वहिनी, वर मी चाळीस वर्षं जाऊन आलोय. वर मोटर आहे आणि ग्रीस."

बरं, इतकी वर्षं चाललंच होतं ते. पण मार्गशीर्ष नाही, पौष नाही, अशा कुठल्याशा साध्याच मंगळवारी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, सहा महिने. फार तर सात. आणि माझी झोप उडाली हो! कारण आमच्या मंगळवारच्या प्रार्थनेच्या गटात असं मानतात की विश्वास असलेल्यांची पलीकडे पुन्हा गाठ पडते, आणि नसलेल्यांची... ते कुणी स्पष्ट बोलत नाही, पुढचं पान उलटतात. म्हणजे बघा, वीस वर्षांचा शेजार आणि पुढे कायमची ताटातूट? मी तिकडे, समोरचं दार बंद? मी ठरवलं, सहा महिन्यांत हा माणूस देवाच्या मार्गाला लावायचा.

पण आदराने हं! आदर मी सोडला नाही. उगाच कुणी म्हणायला नको.

त्यासाठी मी रीतसर शिकायला गेले. आमच्या प्रार्थनेच्या हॉलवर एक ताई आली होती, हातात फाईल, वय माझ्या सुनेएवढं, विषय काय, तर 'आपली श्रद्धा इतरांना आदराने कशी सांगावी'. तिने पाच नियमांचं एक कार्डच दिलं. एक, आधी परवानगी घ्या. दोन, त्यांचं ऐका. तीन, घाबरवू नका. चार, वाद घालू नका. पाच, नको म्हणाले की थांबा. मग जोड्या लावून सराव. मला जोडीला कोण, तर कोपऱ्यावरचा बेकरीवाला, त्याने अविश्वासू व्हायचं आणि मी सांगायचं. दहा मिनिटांत दोनदा त्याचा विश्वास बसला! मला वाटलं, वा, आपल्या जिभेवर सरस्वतीच! मग लक्षात आलं, त्याचा आधीपासूनच होता, तो बिचारा काय करणार.

तर कार्ड घातलं चष्म्याच्या घरात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उंबरा ओलांडला. भाऊजी टेबलावर कुणाची तरी दाराची घंटा उघडून बसले होते. मी म्हटलं, "भाऊजी, मी माझ्या श्रद्धेविषयी तुमच्याशी बोलले तर चालेल का?"

स्क्रूड्रायव्हर तसाच हातात. म्हणाले, "वीस वर्षं बोलताय की."

"ते परवानगीशिवाय होतं."

हसले हो. असे हसले की खोकला आला, आणि खोकला आला की त्यांना बसायला लागायचं. म्हणाले, "बोला, वहिनी." मी म्हटलं, नाही, आधी तुम्ही, नियम दोन. तुमचा कशावर विश्वास आहे ते सांगा, मी ऐकते.

तुम्हाला सांगते, असं त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नसावं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. घंटेचे सुटे भाग हाताने एका बाजूला सारले. खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "सांगू? एकदा एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती. दोन मजल्यांच्या मध्ये. दिवे गेलेले. मी वर मोटरीपाशी, ती खाली काळोखात, आणि मला दिसत होता तो फक्त दोर. मी वरून तिच्याशी बोलत होतो, आणि ती मला म्हणाली..."

आणि इथे, बघा, इथे माझं डोकं! मी तोंडाने 'हं, हं' करतेय, आणि डोक्यात, तिसरा नियम कुठला, घाबरवू नका की वाद नको? सहा महिन्यांचा विषय काढायचा की नाही? काढला तर कसा काढायचा? बेकरीवाल्याच्या वेळी कुठल्या वाक्याला त्याचा विश्वास बसला होता? असं सगळं मनात जुळवलं, तयारी झाली, आणि बघते तर भाऊजी गप्प. डोळे ओले. मी म्हटलं, "अगदी बरोबर!"

"काय बरोबर, वहिनी?"

मी म्हटलं, "तेच... जे तुम्ही म्हणालात."

त्या माणसाने चाळीस वर्षं आवाजावरून दोर ओळखलेत, त्याला माझा आवाज कळणार नाही? बघितलं माझ्याकडे. रागावले नाहीत. म्हणाले, "असू दे. आता तुमचं सांगा." मी म्हटलं, नाही नाही, पुन्हा सांगा, माझं लक्ष जरा... तर म्हणाले, "ते एकदाच सांगता येतं." आणि मग मी माझं सांगितलं. तास, सव्वा तास. सहा महिन्यांचंही बोलून गेले, "त्यातला एक तर गेलाच, भाऊजी," असं म्हणाले, आता नियम तीन मोडला म्हणा, पण आदराने हं! आदर मी सोडला नाही. आणि त्यांनी काय करावं? मी थांबल्यावर माझं सगळं मलाच परत सांगितलं. मुद्द्याला मुद्दा. माझ्यापेक्षा चांगलं! मला स्वतःला पहिल्यांदा नीट कळलं मी काय मानते ते. आणि मग ते, छान सांगितलंत, पटलं नाही, चहा टाकू.

सात महिने कुठले, चौथ्यातच दवाखान्यात नेलं. मी गेले. पाचव्या मजल्यावर खोली होती, आणि तिथली लिफ्ट अशी कण्हत होती, की मला वाटलं, भाऊजींना सांगावं. आत जाऊन बघते तर तोंडात नळी. बोलता येत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, त्या लिफ्टमधल्या बाईचं काय झालं? सुटली का हो? काय म्हणाली ती तुम्हाला?" तर डोळ्यांनी हसल्यासारखं केलं आणि हात असा हलवला, तुम्ही बोला.

आता बघा! समोर माणूस, कान शाबूत, पळून जाता येत नाही, वाद घालता येत नाही. बेकरीवाल्यापेक्षाही सोपा! सगळं ओठांवर आलं होतं हो माझ्या. पण पाचवा नियम, नको म्हणाले की थांबा. आणि नको म्हणायला त्यांच्या तोंडात नळी! मग त्यांच्या वतीने नको कुणी म्हणायचं? मीच म्हटलं. मनात. आणि बसले. चाळीस मिनिटं, घड्याळ समोर होतं. आयुष्यात पहिल्यांदा गप्प. नर्स घाबरून आली, "मावशी, तुम्हाला बरं वाटतंय ना? पाणी देऊ?" भाऊजींनी माझ्या हातावर दोनदा बोट टेकलं. ठोकून बघतात ना, यंत्र चालू आहे की बंद, तसं. मला वाटलं, आता दोर बोलेल. नाही बोलला काही. शुक्रवारी गेले.

त्यांच्या लेकीला विचारलं, लिफ्टमधल्या बाईचं. ती म्हणाली, "कोण बाई, काकू? बाबा कधी काही सांगायचेच नाहीत." सांगायचे हो! एकदा सांगितलं होतं. मला. आणि मी तिथे असून नव्हते.

त्या ताईला जाऊन म्हटलं, तुझं कार्ड घे परत. ती म्हणते, "निराश होऊ नका, मावशी, ते नसतील वळले देवाकडे, पण तुम्ही तर नक्की जाणार ना?" जाणार गं बाई! तीच तर धास्ती आहे आता! मी जाणार, तू जाणार, बेकरीवाला जाणार, आमचा मंगळवारचा गट सगळाच्या सगळा जाणार, आणि तिथे जो तो सांगणार! प्रत्येकाला नणंद, प्रत्येकाला गुडघा! ऐकणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि त्याला काही मला नेता आलं नाही. आणि तिथे म्हणे अनंतकाळ असतो... कसा काढायचा हो?

बघा, तुम्हीसुद्धा मघापासून दाराकडे बघताय... पण आदराने हं! आदर तुम्ही सोडला नाहीत.